चाळीस पावलांवरचं मेडिकल

हॉटेल यशोदीप इंटरनॅशनल नांदेड स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर आहे. संगप्पाअण्णा शेटकार यांना विचारून निघालात, तर पाऊण तास धरून चाला.

हॉटेलच्या नावातल्या ‘इंटरनॅशनल’बद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये. पूर्वी ते नुसतं ‘यशोदीप लॉज’ होतं. मग गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेलं कॅनडाचं एक सरदार कुटुंब तिथं तीन दिवस राहिलं, आणि चौथ्या दिवशी मालकांनी रंगाऱ्याला बोलावलं.

या हॉटेलच्या काउंटरवर संगप्पाअण्णा बावीस वर्षं बसत आले होते. चावी देणं, आधार कार्डाची झेरॉक्स घेणं ही किरकोळ कामं दुसरी माणसं करत. अण्णांचं खातं माहितीचं. पाहुण्यानं विचारायचं आणि अण्णांनी सांगायचं. बरेचदा पाहुण्यानं विचारलेलंही नसायचं. गाव कुठलं, मुलं किती, थोरल्याचं लग्न झालं का, नसेल तर का नाही, एवढं काढून घेतल्यावरच अण्णा बाथरूममधला गरम पाण्याचा नळ कोणता ते सांगत.

अण्णा मूळचे देगलूरचे. त्यांच्या वडिलांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती: दारी आलेल्याला ‘ठाऊक न्हाई’ म्हणणं म्हणजे त्याला भरल्या ताटावरून उठवणं. अण्णांनी हे व्रत असं पाळलं, की गेल्या छप्पन्न वर्षांत ‘ठाऊक न्हाई’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. जे ठाऊक होतं ते तर ते सांगतच, पण जे ठाऊक नव्हतं ते जास्त खात्रीनं सांगत. अंतरं मोजायची त्यांची मापं तीन. ‘हे काय, इथंच’ म्हणजे दोन किलोमीटर. ‘जरा पुढं’ म्हणजे पाच. आणि ‘जवळच समजा’ म्हणाले, की शहाणा माणूस डबा बांधून घेई.

बाहेरगावचे रस्ते तर त्याहून सोपे होते. अण्णांना लहानपणापासून एकच रस्ता पाठ होता, नांदेड ते देगलूर. त्यामुळे हैदराबादला जायचं असो, भोकरला जायचं असो की काशीला, वाट देगलूरवरूनच जाई. नांदेडला लागूनच असलेलं विष्णुपुरीचं धरण बघायला निघालेल्या एका नागपूरकर जोडप्यानं देगलूरहून फोन करून, ‘इथं धरण दिसत नाही’ अशी तक्रार केली होती. अण्णांनी त्यांना देगलूरला जेवण कुठं चांगलं मिळतं ते सांगितलं. जोडपं जेवून, खूश होऊन परतलं. माहिती चुकली तरी पाहुणचार चुकता कामा नये, असं अण्णांचं मत होतं.

काउंटरच्या मागे भिंतीवर त्यांनी स्केचपेननं स्वतः काढलेला शहराचा नकाशा होता. गुरुद्वारा सोनेरी, गोदावरी निळी, स्टेशन लाल. देखणं काम! फक्त हॉटेलच्या डाव्या अंगाला, जिथं खरं तर एक गल्ली आहे, तिथं नारळाचं झाड काढलेलं होतं. नांदेडात त्या जागी नारळाचं झाड आजवर कुणी पाहिलेलं नाही.

त्या गल्लीत शिवलीला मेडिकल होतं.

हॉटेलातून निघून चिंचेची गोळी तोंडात टाकली, तर ती विरघळायच्या आत माणूस तिथं पोचेल इतकं जवळ. पण कुणाचं डोकं दुखो, पोट बिघडो, अण्णा त्याला रिक्षात घालून पार वजिराबादच्या बाजारात धाडत. पाहुणा पायी स्टेशनला निघाला तरी अण्णा त्याला उजवीकडून वळसा घ्यायला लावत. डावीकडून गेला तर दुकानाची पाटी दिसेल ना! सात मिनिटांचा पाऊण तास होतो तो असा.

कारण शिवलीला मेडिकलचे मालक सिद्रामप्पा हे अण्णांचे सख्खे साडू होते.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. सिद्रामप्पांच्या मुलीचं लग्न लातूरला होतं. मांडवात आहेर सुरू झाले. माईकवाला एकेकाचं नाव पुकारी, माणूस उठे, डोक्याला फेटा बांधून घेई आणि छाती दोन इंच फुगवून जागेवर येई. नवरदेवाच्या मामाला फेटा. मामाच्या साहेबाला फेटा. साहेबाच्या ड्रायव्हरला फेटा! संगप्पाअण्णांनी केस नीट बसवून ठेवले होते. थोरला साडू म्हणजे काय साधी गोष्ट आहे? शेवटी माईकवर नाव आलं, अण्णा उठले, आणि त्यांच्या हातावर पडली टॉवेल-टोपी.

टॉवेल गुलाबी होता.

अण्णा जेवले नाहीत. म्हणजे जिलेबी झाल्यावर मठ्ठा घेतला नाही. परत येताना लोह्यापर्यंत ते बोलले नाहीत, आणि लोह्याला चहा पिऊन फक्त एवढंच म्हणाले, “ड्रायव्हरला फेटा. आन् मला टॉवेल.” दुसऱ्या दिवशी नकाशात नारळ उगवला. टॉवेल अण्णांनी घरी ठेवला नाही. तो हॉटेलात आणला आणि रोज सकाळी आल्या आल्या त्यानं काउंटर पुसू लागले, जोर लावून, एखाद्याचं तोंड पुसावं तसं.

त्यांच्या बायकोचं, शरणम्माचं, म्हणणं एवढंच होतं, “टॉवेल तुमाला मिळाला, आन् बहीण माझी गेली.” सिद्रामप्पांची बायको उमादेवी ही तिची पाठची बहीण. एका शहरात राहून तीन वर्षं दोघी बाजारात एकमेकींना लांबून बघत आणि दोघीही वांगी निवडत राहत.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, इतक्यात मालकांची मुलगी सृष्टी पुण्याहून हॉटेलचा कोर्स करून परत आली.

तिनं पहिल्याच आठवड्यात अण्णांना ऑफिसात बोलावलं आणि मोबाईल पुढं केला.

“संगप्पा काका, हे वाचा. लुधियानाच्या पाहुण्यांनी लिहिलंय. बायकोला ॲसिडिटी झाली, काउंटरवरच्या काकांनी रिक्षानं वजिराबादला पाठवलं. परत आल्यावर खिडकीतून बघतो तर हॉटेलच्या बाजूलाच मेडिकल. दोन तारे दिलेत.”

“दोन दिले ना? देणारे लोक एकच देतात,” अण्णा म्हणाले.

“काका, दुसरं वाचू? ‘इथं माहिती विचारू नये. काका फार प्रेमळ आहेत.’”

“हे बघा, चांगलं पण लिहिलंय!”

सृष्टीनं मोबाईल खाली ठेवला. ती वाईट मुलगी नव्हती. लहानपणी तिला शाळेचा रस्ता अण्णांनीच दाखवला होता, आणि त्या दिवशी ती दुसऱ्याच शाळेत प्रार्थनेला उभी होती, हे ती अजून हसत सांगे. पण धंदा तो धंदा.

“प्रत्येक खोलीत आता माहितीपुस्तिका ठेवायची. सोमवारी छापायला जाणार. ‘हॉटेलच्या आसपास’ हे पान तुम्ही लिहायचं. डॉक्टर, मेडिकल, एटीएम, जेवण. नेमकं अंतर पाहिजे. ‘हे काय, इथंच’ असं छापता येत नाही. पान बरोबर आलं तर काउंटर तुमचा. नाही आलं तर...” तिनं सांगून टाकलं, “तळघरात चादरींच्या खात्याला माणूस पाहिजे.”

चादरी! चादरीला गाव विचारता येत नाही. उशीच्या अभ्र्याला थोरल्या मुलाचं लग्न का जमत नाही ते विचारता येत नाही. ज्या माणसाला बोलल्याशिवाय अन्न पचत नाही, त्याला तळघरात चादरींबरोबर ठेवणं म्हणजे मासा फडताळात ठेवणं.

रविवारी दुपारी अण्णा घरी कागद घेऊन बसले. डॉक्टर लिहिला. एटीएम लिहिलं. खानावळ लिहिली, तिथल्या वरणाबद्दल दोन ओळी जास्तच लिहिल्या. मग ‘मेडिकल’ असं लिहून पेन थांबलं ते थांबलंच.

“वजिराबाद लिहू का?” त्यांनी शरणम्माला विचारलं.

“लिहा की. आन् उद्यापासून चादरीसंगट बोला.”

“त्याचं नाव माझ्या हातानं लिहू? मी? त्यानं मला टॉवेल दिला!”

“तीन वर्षं ऐकून राहिले मी त्या टॉवेलाचं. देवाला दिवा लावताना बी मला गुलाबी दिसाय लागलंय.” शरणम्मानं चहाचा कप त्यांच्यापुढं आपटला. “नाव नका लिहू. निस्ती वाट लिहा. वाट तर त्यानं बांधली न्हाई ना?”

अण्णांचा चेहरा उजळला. बाई कधी कधी अक्कल सांगून जाते, हे त्यांना कबूल होतं. तिच्यापुढं कबूल करायचं नसतं, एवढंच. नाव गाळून नुसतं अंतर लिहायचं! पाहुण्याला औषध मिळेल, सृष्टीला पान मिळेल आणि साडूला मान मिळणार नाही. फक्त अंतर नेमकं पाहिजे. म्हणजे मोजायला पाहिजे. म्हणजे गल्लीत जायला पाहिजे.

सोमवारी सकाळी दहा वाजता संगप्पाअण्णा हातात पॅड, कानाला पेन्सिल आणि डोळ्यांवर जाड चष्मा लावून हॉटेलच्या गेटातून डावीकडे वळले. तीन वर्षांत पहिल्यांदा. मान खाली घालून, एकसारखी पावलं टाकत, मोठ्यानं मोजत निघाले. “एक. दोन. तीन...” दर दहा पावलांवर थांबून ते पॅडवर खूण करत.

आता, पॅड घेऊन गंभीर चेहऱ्यानं गल्ली मोजणारा माणूस बघून आपल्याकडच्या दुकानदाराला काय वाटेल? जे वाटायचं तेच वाटलं. चपलांच्या दुकानदारानं बाहेर मांडलेलं अर्धं दुकान उचलून आत घेतलं. चहावाल्यानं बाकडं ओढलं. “म्हापालिका! म्हापालिका आली!” अशी कुजबुज अण्णांच्या पुढं पळत गेली. कुणीतरी ताडपत्री सोडली. सायकलवाल्यानं भिंतीला टेकवलेल्या सात सायकली एकदम उचलायचा प्रयत्न केला आणि सातांच्या खाली स्वतः सापडला. वीस पावलांत गल्ली चांगली चार फूट रुंद झाली. इतकी वर्षं कुठल्याही साहेबाला न जमलेलं काम संगप्पाअण्णा खाली मान घालून करत चालले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

शिवलीला मेडिकलचा फलक चार बोटं रस्त्यात होता. सिद्रामप्पा घाईनं बाहेर आले, गंजीवर शर्ट चढवत, दोन्ही हात जोडून.

“साहेब, साहेब, फलक आजच आत घेतो. जरा सबूर...”

साहेबानं मान वर केली.

सिद्रामप्पांचे जोडलेले हात तसेच राहिले. आता ते सोडावेत की ठेवावेत, हे त्यांना कळेना.

“अण्णा? तुमी?”

“मी तुमच्याशी बोलून राहिलो न्हाई,” अण्णा म्हणाले. “मी पावलं मोजून राहिलो.”

“किती झाली?”

न बोलायचं ठरवलं असलं, तरी माहिती विचारल्यावर ती न देणं अण्णांच्या रक्तात नव्हतं. “छत्तीस.”

“मग या की वर. पायरीपातूर चाळीस भरतील.”

हिशेब अर्धवट सोडता येत नाही, म्हणून अण्णा चार पावलं पुढं गेले. बरोब्बर चाळीस भरली. आता पायरीवर आलेल्या माणसाला खुर्ची द्यावी लागते आणि दिलेल्या खुर्चीवर बसावं लागतं. अण्णा बसले, पण पाठ टेकवली नाही.

“तुमच्या दुकानाला मी नकाशात घेतलं न्हाई,” त्यांनी सरळ सांगितलं.

“ठाऊक हाय. नारळ हाय माझ्या जागी.” सिद्रामप्पा हसले. “मागल्या महिन्यात एक सरदारजी वजिराबादहून औषध घेऊन आले, आन् मलाच इचारलं, ‘ये दुकान नया खुला क्या?’ मी म्हणलं, ‘हाव जी, कल ही खुला.’”

“मग इतक्या दिसांत भांडायला का आला न्हाईत?”

“थोरल्या साडूशी कसं भांडावं?”

“थोरला साडू!” अण्णांचा आवाज चढला. “ड्रायव्हरला फेटा बांधताना आठवला न्हाई थोरला साडू? का हो? फेटे कमी पडले का तुमाला?”

“पडले,” सिद्रामप्पा शांतपणे म्हणाले. “एकावन्न फेट्यांचं गाठोडं नांदेडहून यायचं होतं, आलंच न्हाई. येळंवर लातूरच्या बाजारातून अकरा आणले. ते नवऱ्याकडच्यांना बांधावंच लागतेत. घरच्या माणसाला म्हणलं, नंतर समजून सांगू. तुमी नंतर ठेवलंच न्हाई.”

“गाठोडं का आलं न्हाई?”

सिद्रामप्पा उत्तर द्यायच्या आधी जरा खोकले. “अण्णा, त्या दिशी सकाळी सहाला फेटेवाल्यानं तुमाला फोन केला होता. आठवतंय का? रस्ता इचारायला.”

अण्णांना आठवलं. त्यांना सगळं आठवत असे, हीच तर त्यांच्या माहितीची पंचाईत होती.

“‘लातूरला कुठून जाऊ’ म्हणून इचारलं त्यानं. तुमी काय सांगितलं?”

अण्णांनी पॅडकडे पाहिलं. पॅडवर चाळिसाचा आकडा होता, त्यानं काही मदत केली नाही. शेजारचा सायकलवाला सायकलींखालूनच कान देऊन ऐकत होता.

“...देगलूरवरून,” अण्णा पुटपुटले.

“नांदेडवरून देगलूर, देगलूरवरून उदगीर, उदगीरवरून लातूर. गडी जेवायला बी थांबला म्हणे देगलूरला. तुमीच खानावळ सांगितली होती. मांडवात पोचला तवा मंडपवाला कनाती सोडून राहिला होता.”

“खानावळ चांगली हाय ती,” अण्णा म्हणाले. मग म्हणाले, “रस्ता बी चांगला हाय.”

“चांगला हाय. लांब हाय.”

“हे तुमी तीन वर्षं बोलला न्हाईत?”

“चारचौघांत थोरल्या साडूची चूक काढू का? उमादेवी म्हणली, राहू द्या, अण्णाला वाईट वाटंल.”

सिद्रामप्पा उठले. ग्लुकोजच्या डब्यांच्या वरच्या फळीवरून त्यांनी एक खोका काढला. आत केशरी जरीचा फेटा होता, आणि त्याला टाचणीनं चिठ्ठी लावलेली होती: ‘संगप्पाअण्णा, देगलूर’. फळीवर फेटा तीन वर्षं होता. आणि तिथून चाळीस पावलांवर, तितकीच वर्षं, टॉवेल काउंटर पुसत होता.

“बांधू?” सिद्रामप्पांनी विचारलं.

अण्णांनी चिठ्ठीवरचं स्वतःचं नाव दोनदा वाचलं. डोळ्यांत पाणी होतं. कुठलाही माणूस अशा वेळी मान पुढं करतो. संगप्पाअण्णांनी मान मागं घेतली.

“माईकवर नाव पुकारल्याशिवाय मी फेटा बांधून घेत न्हाई.”

तर असा हा मान. चूक स्वतःची निघाली तरी मानाचं व्याज सोडायचं नाही!

गल्लीत कांद्या-बटाट्याचा एक गाडा उभा होता. त्याला भोंगा होता, माईक होता. गाडेवाल्याला महापालिका नाही हे कळल्यापासून तो आनंदात होता; त्यानं माईक लगेच काढून दिला. सिद्रामप्पांनी फुंकर मारली. “हॅलो, हॅलो. देगलूरचे प्रतिष्ठित, आमचे थोरले साडू, संगप्पाअण्णा शेटकार यांनी मानाचा फेटा स्वीकारावा, ही इनंती.” भोंग्यानं ते तीन गल्ल्यांपर्यंत पोचवलं, आणि बटण नीट दाबलेलं नसल्यानं मागोमाग स्वतःचंही पुकारलं, “कांदे घ्या, बटाटे घ्या.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिद्रामप्पांना आयुष्यात बँडेजखेरीज दुसरं काही बांधायची सवय नव्हती, त्यामुळे फेट्याखाली अण्णांचा एक कान आणि अर्धी भुवई गेली. पण छाती मात्र मोजून दोन इंच फुगली.

अण्णा तसेच हॉटेलात आले आणि सृष्टीपुढं कागद ठेवला. तिनं वाचलं: ‘मेडिकल: शिवलीला. मालक सिद्रामप्पा, स्वभावानं फार चांगले. गेटातून डावीकडे चाळीस पावलं. मोजलेली.’

“काका, पान एकदम बरोबर आहे. काउंटर तुमचा.” मग तिची नजर वर गेली. “आणि हे काय? किती भारी दिसताय! हलू नका.” तिनं फोटो काढला. “पुस्तिकेच्या कव्हरवर हाच घेऊ. आणि उद्यापासून ड्युटीवर फेटा रोज. नऊ ते सहा. पाहुण्यांना असंच आवडतं.”

म्हणजे ज्या फेट्यासाठी अण्णांनी तीन वर्षं अख्खी गल्ली पुसून टाकली, तो दुसऱ्याच दिवशी युनिफॉर्म झाला. आता दुपारी बारा वाजता टाळूवर घाम जमतो, कान खाजतो, आणि काढायची सोय नाही. पाहुण्यांची मुलं फोटोसाठी रांग लावतात. अण्णांना हे मानाचं वाटतं. त्यांना सांगायला कोण जाणार?

शरणम्मा दर रविवारी तो फेटा धुऊन, कांजी करून बहिणीकडे घेऊन जाते. दोघी दोन टोकं धरून झटकतात आणि दुपारभर बोलतात. “फेटा तुमाला, बहीण मला,” ती म्हणते. “वाटणी आता बरोबर झाली.” नारळाच्या झाडावर पांढरा कागद चिकटवून अण्णांनी गल्ली काढली आहे, इतकी रुंद की गोदावरी त्यापुढं नाला दिसते. टॉवेलही हॉटेलात उरलेला नाही. तो सिद्रामप्पा मागून घेऊन गेले आणि आता शिवलीला मेडिकलचा काउंटर त्यानं पुसतात, हळुवार.

परवा पुसदहून एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलीला लातूरला क्लासला घालायचं होतं. चावी परत देताना त्यांनी विचारलं, “काका, लातूरला गाडीनं कुठून जावं?”

अण्णांनी फेटा सावरला. ओठांवर ‘दे’ आला. तिथंच थांबला. बावीस वर्षांत काउंटरवर इतका वेळ शांतता कधी झाली नव्हती. सृष्टीसुद्धा ऑफिसातून डोकावली.

“ठाऊक न्हाई,” संगप्पाअण्णा म्हणाले.

म्हणून झाल्यावर त्यांनी स्वतःच इकडंतिकडं पाहिलं. छत पडलं नव्हतं. पाहुणाही ताटावरून उठल्यासारखा दिसत नव्हता. मग अण्णांना हुरूप आला, काउंटरवरून पुढं वाकून त्यांनी गृहस्थांच्या खांद्यावर हात ठेवला.

“पण असं करा. गेटातून डावीकडं वळा, मोजून चाळीस पावलं जा. तिथं आमच्या साडूचं मेडिकल हाय. त्यांना लातूरचा रस्ता बरोब्बर ठाऊक हाय. आन् गेलाच हात तर पोरीसाठी ग्लुकोज घ्या. लातूर जवळच समजा, पण ऊन हाय.”